फाट्यापासून पुढे

मुंबईची मंडळी लोकलने कर्जतला उतरतात, पाठीवर सॅक टाकून डोंगर चढतात आणि त्याला ट्रेक म्हणतात. परभणी जिल्ह्यात ही सोय एसटीने कधीचीच घरपोच केली आहे. घरपोच म्हणजे फाट्यापर्यंत. पुढचं गाव पायी, डोक्यावर बाजाराची पिशवी, कडेवर लेकरू. गाईड नाही, फी नाही. सोबतीला कुत्री मात्र भरपूर. रेल्वेही मागे नाही. ‘मानवत रोड’ला उतरलात की नावातला रोड तेवढा लगेच मिळतो, मानवत मागाहून.

खरा डोंगरच हवा असेल तर जिंतूर गाठा. अर्थात बसनेच, तिथे रेल्वे नाही. गावापासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरी आहे. सह्याद्रीवाले तिला टेकडी म्हणून नाक मुरडतील, पण तिच्या पोटात जैन लेणी आहेत, अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, ७५ ओलांडलेल्यांना फुकट. गुडघे तेवढे स्वतःचे आणावेत. मे महिन्यात जाऊ नका. आणि चढायच्या आधी परतीची शेवटची गाडी कितीला आहे, ते स्टँडवर दोघांना तरी विचारा.