नजर चेंडूवर ठेवा, ग्लव्हवर नको!

बेसबॉलमधला ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू. पिचरच्या हातून सुटला की अर्ध्या सेकंदाच्या आत होम प्लेटवर हजर. तेवढ्यात कॅचरच्या मागे वाकलेल्या अंपायरने ठरवायचं, बॉल की स्ट्राइक. तो चुकतो याचं नवल वाटतं? नवल याचं वाटावं, की तो इतक्या वेळा बरोबर येतो.

नियम सरळ आहे. प्लेट १७ इंच रुंद. खालची हद्द गुडघ्याच्या वाटीखाली, वरची खांदा आणि कमरपट्टा यांच्या मधोमध. या चौकटीला चेंडू नुसता चाटून गेला तरी स्ट्राइक, नाही तर बॉल. चौकट टीव्हीवर आखून दाखवतात.

म्हणजे घरबसल्या सगळ्यांना दिसते, निकाल देणाऱ्याला नाही!

त्यात कॅचरची हातचलाखी. चेंडू कडेबाहेर जातो, तो झेलता झेलता ग्लव्ह अलगद आत सरकवतो. वास्तविक प्लेट ओलांडली तेव्हाच फैसला झालेला. तरी स्ट्राइक मिळते. या कसबाला फ्रेमिंग म्हणतात आणि क्लब त्यासाठी पैसे मोजतात. मग शिव्या एकट्या अंपायरलाच का?

आता अंपायरचं. तीन बॉल आणि एकही स्ट्राइक नाही, की त्याची चौकट फुगते. दोन स्ट्राइक आणि एकही बॉल नाही, की आक्रसते. वर्षानुवर्षांच्या नोंदी हेच सांगतात. बॅटरला फुकट बेस द्यायला हात कचरतो, बाद द्यायलाही कचरतो. दयाळूपणा चांगलाच. पण तो भरायचा कुणाच्या खिशातून?

१९९७ च्या नॅशनल लीग अंतिम मालिकेतल्या एका सामन्यात अंपायर एरिक ग्रेग यांनी प्लेटबाहेरचे चेंडूही स्ट्राइक दिले. मार्लिन्स संघाचा पिचर लिव्हान हर्नांडेझला स्ट्राइकवर १५ बळी मिळाले. समोरच्या ब्रेव्ह्ज संघाने काय करायचं?

हुज्जत घाला, थेट मैदानाबाहेर. पिढ्यान् पिढ्या हाच न्याय.

२०२६ पासून मेजर लीगमध्ये दाद मागता येते. बॅटर, पिचर किंवा कॅचरने तिथल्या तिथे डोक्यावर टिचकी मारायची, निकाल कॅमेरे देतात. संघाला दोन संधी. दावा खरा ठरला तर संधी शाबूत. डगआउटमधून खाणाखुणा चालत नाहीत. यंत्रणा क्रिकेटमधल्या ओळखीच्या हॉक-आयचीच, पण ‘अंपायर्स कॉल’ची पळवाट नाही.

दक्षिण कोरियाने २०२४ पासून सगळेच चेंडू यंत्राच्या हवाली केले. एवढ्या टोकाला जायची गरज नाही. माणूस राहू द्या, चुकूही द्या. चूक तिथल्या तिथे निस्तरली म्हणजे झालं.

अंपायरचा मान जाईल, अशी ओरड आहे. पाव मिनिटात चूक दुरुस्त झाल्याने जो मान जातो, तो होता तरी कशाच्या जिवावर?