जरा डावीकडे

असा माणूस तुमच्याही सोसायटीत असणारच. नसेल, तर तो बहुधा तुम्हीच. आमच्याकडे अप्पा आहेत. कोथरूडमधला दुसरा मजला, दहा बाय बाराचा हॉल, आणि त्या हॉलमध्ये भिंतीपासून चांगले अडीच फूट पुढे येऊन ठाकलेले दोन स्पीकर. स्पीकर भिंतीला टेकवला की खर्ज फुगतो आणि कोपऱ्यात दडवला की आणखी फुगतो, असं अप्पा सांगतात. ते खरं आहे, हीच तर पंचाईत आहे. खोटं असतं तर काकूंना घरात सरळ चालता आलं असतं.

कुणीही आलं की अप्पा पाणी विचारत नाहीत. "आधी बसा," म्हणतात. बसायचं कुठे, तर त्या एकाच खुर्चीत. सोफा आहे, पण तो 'ऐकण्याचा' नाही. दोन स्पीकरमध्ये सहा फुटांचं अंतर, खुर्चीपासून प्रत्येक स्पीकर सहा फुटांवर. समभुज त्रिकोण. त्याच्या तिसऱ्या टोकाला तुमचं डोकं. जमिनीवर पांढऱ्या टेपच्या फुल्या मारलेल्या आहेत आणि काकूंनी लादी पुसताना एखादी फुली सुटली, तर संध्याकाळी चौकशी समिती बसते.

तुम्ही बसलात, की अप्पा मागे उभे राहतात.

"जरा डावीकडे."

तुम्ही सरकता.

"एवढं नाही हो. दोन बोटं. हां. आता सांगा, गाणारा कुठे आहे?"

आता यावर 'रेकॉर्डमध्ये' असं उत्तर दिलं तर चहा मिळत नाही. गाणारा मधोमध, जिथे प्रत्यक्षात मोकळी भिंत आहे तिथे, दोन पावलं मागे उभा आहे, असं म्हणावं लागतं. दोन्ही कानांवर सारखाच आवाज सारख्याच वेळी पडला की मेंदू त्याला मध्यभागी नेऊन ठेवतो. सगळ्या स्टिरिओचा डोलारा या फसवणुकीवर उभा आहे. आणि फसवणूक नीट व्हावी म्हणून अप्पा अहोरात्र झटत असतात.

अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जन्म कालव्यांच्या पातळ्या काढण्यात गेला, त्यामुळे अंदाजपंचे काही चालत नाही. त्यांच्याकडे ओळंबा आहे, गुण्या आहे, आणि गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळीसुद्धा आहे. नळीचं एक टोक एका स्पीकरच्या ट्वीटरपाशी अप्पा धरणार, दुसरं टोक दुसऱ्यापाशी काकू. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा, कारण वरचे सूर सरळ रेषेत सुटतात आणि बाजूला फार फिरकत नाहीत. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कान एका उंचीवर नसतात, याला अप्पा काय करणार? माझ्या बायकोला दोन उश्या देतात. मला खुर्चीत खाली घसरायला सांगतात. अशा अवस्थेत मी दरबारीचा अख्खा विलंबित ख्याल ऐकला आहे आणि त्यानंतर दोन दिवस पाठ धरून फिरलो आहे.

त्यांच्या भिंतीवर गोधडी का टांगली आहे, हे नवीन माणूस विचारतोच. ती आरशाची करामत. एका रविवारी अप्पा खुर्चीत बसले, काकूंचा कुंकवाचा आरसा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "भिंतीला चिकटवून हळूहळू सरकव." मी कानाच्या उंचीवर आरसा धरून खेकड्यासारखा सरकत होतो. मध्येच "थांब!" आरशात त्यांना स्पीकर दिसला होता. ज्या जागी स्पीकर दिसतो, त्याच जागेवर आपटून आवाज कानाकडे उसळतो आणि मूळ आवाजात मिसळून तो गढूळ करतो. तिथे पेन्सिलीने खूण झाली आणि गोधडी चढली. आईने शिवलेली गोधडी भिंतीला लावली म्हणून काकू आठवडाभर बोलत नव्हत्या. त्या शांततेत ऐकण्याचा दर्जा बराच सुधारला, असं अप्पांनी मला खासगीत सांगितलं.

पुढे मुलाने सबवूफर पाठवला. खर्ज आणि खोली यांचं नातं विचित्र असतं. बारा फुटांच्या खोलीत साधारण 47 हर्ट्झची लाट दोन भिंतींत बरोब्बर अडकते. भिंतीपाशी ती घुमते आणि मधोमध बसणाऱ्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. तेव्हा सबवूफर ठेवायचा कुठे? उपाय जगभर मान्य आहे: तो ऐकण्याच्या खुर्चीत ठेवायचा, स्वतः जमिनीवर रांगायचं, आणि जिथे खर्ज गुळगुळीत वाटेल तिथे त्याचं ठाणं. अप्पांनी सबवूफरला खुर्चीत बसवलं आणि वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ते रांगू लागले. कान जमिनीलगत, डोळे मिटलेले. तेवढ्यात कामाच्या मावशी आल्या. दारातूनच त्या ओरडल्या, "काकू, अप्पांना काहीतरी झालंय!" आणि अप्पा डोळे न उघडता म्हणाले, "मावशी, जरा डावीकडे उभ्या राहा."

हा रोग घरापुरता राहिला असता तरी चाललं असतं. सवाई गंधर्व महोत्सवात ते दरवर्षी डिसेंबरात तीनदा जागा बदलतात आणि शेजारच्या अनोळखी कुटुंबाला सरकवतात. लग्नाच्या स्वागत समारंभात स्टेजवर गेले की नवरदेवाला. आमच्याकडे सत्यनारायणाला आले, तर पूजा बाजूलाच राहिली. आमचा एक स्पीकर शोकेसवर आणि दुसरा सोफ्याआड होता; गुरुजी कथा सांगत होते आणि अप्पा सोफ्यामागे वाकून वायर तपासत होते. दुकानातल्या पोऱ्याने एका स्पीकरला तांबडी-काळी वायर उलटी जोडली होती. त्यामुळे एकाचा पडदा पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई, आणि दोघे मिळून खर्ज खाऊन टाकत. अप्पांनी ती सुलटी केली. राग त्याचा नाही. राग याचा की घरातलं प्रत्येक गाणं त्या दिवसापासून भरदार झालं आणि बायको अजून ते बोलून दाखवते.

एकदा मी वर्मावर बोट ठेवलं. अप्पा सगळ्यात जास्त ऐकतात बालगंधर्व. 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरचं ते गाणं, म्हणजे मोनो. दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. "मग या त्रिकोणाचा उपयोग काय?" अप्पांनी माझ्याकडे कीव करत पाहिलं. "मोनो हीच खरी परीक्षा. तो तुम्हाला रेषेवर उभा दिसला पाहिजे, इंचभर इकडे नाही की तिकडे नाही." मग त्यांनी ॲलन ब्लमलाइनची गोष्ट सांगितली. ती ते सगळ्यांनाच सांगतात. हा इंग्रज इंजिनिअर म्हणे बायकोबरोबर सिनेमाला गेला. नट पडद्यावर इकडून तिकडे चालतोय आणि आवाज मात्र एकाच जागेवरून येतोय, हे त्याला खटकलं. 1931 साली त्याने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. आतून काकूंचा आवाज आला, "तो बायकोला सिनेमाला तरी नेत होता."

गेल्या वर्षी गणपतीत मात्र काकूच हरल्या. गणपती बसवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मखर दोन स्पीकरच्या मध्ये आलं. अप्पांनी भीमसेनांचे अभंग लावले. मी खुर्चीत होतो. काय सांगू, आवाज थेट मूर्तीतून येत होता. वरच्या मजल्यावरच्या आजी दर्शनाला आल्या, खुर्चीत टेकल्या आणि हात जोडून तशाच बसून राहिल्या. मागे रांग लागली. अप्पा एकेकाला सरकवत होते आणि पहिल्यांदाच कुणी तक्रार करत नव्हतं.

त्यानंतर दिवाळीच्या सुमारास अप्पांना टेलिफोनवर नीट ऐकू येईना. कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली, आलेख काढला. उजवा कान वयाच्या मानाने ठीक. डाव्याची रेघ मात्र उतरत उतरत कागदाच्या तळाला गेलेली. आजचं नाही, बऱ्याच वर्षांचं, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हा कोडं सुटलं. डाव्या कानाला कमी पडलं की गाणारा उजवीकडे झुकतो. अप्पांना तो नेहमीच झुकलेला दिसत होता, आणि त्याला मध्यावर आणायला ते आम्हाला डाव्या स्पीकरच्या जवळ ढकलत होते. आम्हा धडक्या कानांच्या लोकांना तो डावीकडे गेलेला ऐकू येत होता आणि आम्ही चहाच्या आशेने "वा, मधोमध!" म्हणत होतो. एकानेही इतक्या वर्षांत खरं सांगितलं नाही.

"ॲम्प्लिफायरचं बॅलन्सचं बटण फिरवा ना," मी म्हटलं.

"ती लबाडी झाली," अप्पा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आणि मग बाकीच्यांचं काय?"

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. खोलीत एकच खुर्ची ठेवणाऱ्या या माणसाने ती स्वतःसाठी फारच थोडी वापरली, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ते कायम मागे उभे.

आता खुर्चीत काकू बसतात. अप्पा स्पीकर हलवतात आणि विचारतात, काकू सांगतात. सुरुवातीला त्या "येतोय मधून, झालं?" एवढंच म्हणायच्या. पण परवा जिन्यात त्यांनी मला गाठलं. उजवीकडच्या लोखंडी कपाटाचा पत्रा तार षड्जात थरथरतो, तो आवाज अप्पांना ऐकू येत नाही पण त्यांना येतो, तेव्हा कपाट आतल्या खोलीत गेलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं आहे. रविवारी सकाळी मी आणि माझा मुलगा, शिवाय आणखी दोघं लागतील. आणि येताना आरसा आणायचा आहे, मोठा, कारण कुंकवाच्या आरशात त्यांना नीट दिसत नाही.