आंघोळ वाघिणीची, गर्दी आपली

बाप्पा, काय दिवस आलेत! मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस ओलांडतो, घरोघरी कुलर बोंबलत असतात, आणि ज्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनी शहाण्यासारखं महाबळेश्वर गाठायचं, ती रजा टाकून ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर रांग लावतात. कशासाठी? तर दुसऱ्याची आंघोळ बघायला! तोफेएवढ्या लेन्सा खांद्यावर, तोंडाला दुपट्टा, आणि तोंडात एकच प्रश्न: ‘बसली का पाण्यात?’

बसली म्हणजे कोण, तर एक लेकुरवाळी वाघीण. चांगल्या घरची.

आणि तिची तरी तऱ्हा बघा. दुपार कलली की झाडोऱ्यातून येते, जिप्स्यांकडे ढुंकूनही बघत नाही, पाण्याकडे पाठ करते आणि मागच्या पावलांनी सावकाश आत सरकते. आधी शेपूट, मग मांड्या, मग पोट. तोंडावर पाणी उडालेलं तिला खपत नाही म्हणे. पाणी खांद्याशी आलं की डोळे मिटून घेते. घासणं नाही, चोळणं नाही, बाहेर कुणी खोळंबलंय याची फिकीर नाही. इकडे आठ-दहा जिप्स्यांत माणसं श्वास रोखून उभी आणि कॅमेऱ्यांचा कडकडाट. ताडोब्यात पर्यटकांच्या मोबाइलला बंदी आहे हे नशीब, नाहीतर आंघोळ ‘लाइव्ह’ झाली असती.

हे आजचं नाही हो. पांढरपौनीची माया वाघीण पाण्यात बसली की गेटापर्यंत बातमी जायची. २०२३ मध्ये ती गेली, पण तिचे ओलेते फोटो अजून कितीतरी दिवाणखान्यांत लटकलेत. तेलिया तलावाच्या त्या चार वाघीण बहिणी तर एकत्रच डुंबायच्या. त्यांच्यावर माहितीपटसुद्धा निघाला. आमच्याकडच्या पोरी गावच्या बोडीवर अशा तासभर डुंबल्या असत्या, तर माहितीपट नसता निघाला, आजीची काठी निघाली असती.

आणि नावं कुणाला ठेवायची, तर रोमन लोकांना! चौघांत आंघोळ करायचे म्हणून. करायचे खरे. चौथ्या शतकातल्या नोंदींत एकट्या रोम शहरात ८५६ लहानमोठी न्हाणीघरं आहेत, आणि सम्राट कॅराकॅलाचं २१६ साली उघडलेलं अवाढव्य स्नानगृह वेगळंच. कामधाम उरकून दुपारी जायचं, किरकोळ नाणं टाकायचं, अंगाला तेल फासून धातूच्या वाकड्या पट्टीनं मळ खरवडून काढायचा, मग कोमट, कढत, गार अशा दालनांतून गप्पा हाणत फिरायचं. सेनेका नावाचा तत्त्वज्ञ अशाच एका न्हाणीघराच्या वर राहायचा. बिचाऱ्यानं पत्रात गाऱ्हाणं लिहून ठेवलंय: खाली कुणाच्या काखेतले केस उपटताहेत आणि तो किंचाळतोय, कुणी धबकन पाण्यात उडी टाकतोय, त्यात सॉसेजवाला ओरडतोय.

सम्राट हेड्रियनही म्हणे चारचौघांत न्हायला जायचा. एकदा त्याला एक म्हातारा शिपाई भिंतीवर पाठ घासताना दिसला. पाठ चोळायला गुलाम परवडत नाही म्हणाला. राजानं गुलाम दिले, वर त्यांच्या पोटापाण्याचा खर्चही दिला. पुढच्या खेपेला बघतो तर म्हातारेच म्हातारे भिंतीवर पाठी घासताहेत! राजा म्हणाला, आता एकमेकांच्या घासा.

पण त्यांचा एक हिशेब साफ होता. पैसे ज्यानं मोजले, तो भिजायचा. आपल्याकडे पैसे मोजणारा धुळीनं माखून, घामानं निथळून, उन्हात करपत बसतो आणि फुकटी भिजते! तेही सरकारी पाण्यात. उन्हाळ्यात नाले आटले की वन विभाग सौरपंप लावून, टँकर फिरवून पाणवठे भरतो. गावातल्या बायाबापड्यांनी हंडा घेऊन टँकरची वाट बघायची, आणि इथे पाणी स्वतः चालत येतं. तिचा तरी काय दोष म्हणा. तिनं अर्ज थोडाच केला होता.

हावरटपणा बघणाऱ्यांचा. बुद्धपौर्णिमेला चांदण्यात रात्रभर मचाणावर बसायला पैसे भरतात, म्हणजे रात्रीची आंघोळही सुटू नये. आणि आपण पाणवठ्यात काय टाकून येतो? ताडोब्यातच निमढेल्याकडे एका वाघानं पाण्यातली प्लॅस्टिकची बाटली तोंडात धरून उचलून नेली. तो व्हिडिओ २०२४ मध्ये देशभर फिरला. सगळ्यांनी वाघाचं कौतुक केलं. बाटलीवाल्याचं नाव मात्र कुणी विचारलं नाही.

मंगळवारी कोअर जंगलाची गेटं बंद असतात. आठवड्यातून तेवढं एकदा बाईला दार लावून न्हाता येतं.