फक्कीबाहेरचा खेळाडू

पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव (नगर शहरालगतचे केडगाव निराळे, आणि तिकडच्या पालकांनी पुढील विवेचन अंगाला लावून घेण्याचे कारण नाही) इतिहासाच्या ग्रंथांत पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे, भाविकांत नारायण महाराजांच्या बेटामुळे आणि बाजारात आसपासच्या गुऱ्हाळांमुळे ओळखले जाते. तथापि अलीकडे या गावात, आणि खरे पाहता शिरूरपासून दौंडपर्यंतच्या अवघ्या ऊसपट्ट्यात, खेळाडूंची एक नवी जात उदयास आली असून तिची नोंद अद्याप कोणत्याही क्रीडा संघटनेने घेतलेली नाही. हा खेळाडू मैदानात उतरत नाही. मैदान आखण्यासाठी जी पांढरी भुकटी टाकतात तिला फक्की म्हणतात. त्या फक्कीच्या रेषेपासून वीतभर बाहेर तो उभा असतो, त्याचे वय चाळिशीच्या आसपास असते, शालेय स्पर्धेच्या चौदा वर्षांखालील गटात त्याचे नाव कोठेही नोंदलेले नसते, आणि तरीही सामना संपल्यावर सर्वाधिक दमलेला तोच असतो. लौकिकात त्यास पालक असे म्हणतात.

या खेळाडूच्या कौशल्याचा अभ्यास खो-खोच्या सामन्यात सर्वांत चांगला होतो. या खेळात पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मध्यपाटीवरील चौकोनांत आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा गडी धावतो. बसलेल्या गड्याला पाठीमागून ‘खो’ मिळाल्याशिवाय उठता येत नाही, उठल्यास तो नियमभंग ठरतो. आता बसलेल्या दहा वर्षांच्या मुलीला हा नियम ठाऊक असतो, पंचांना ठाऊक असतो, समोरच्या लिंबाखाली बसलेल्या आजोबांनाही ठाऊक असतो, मात्र फक्कीबाहेरून “अगं ऊठ की, ऊठ, बसलीस काय!” असा जो आदेश सुटतो, त्यापुढे नियमपुस्तिकेचा काय पाड लागणार? मुलगी उठली तर पंचांचा रोष आणि न उठली तर वडिलांचा, अशा पेचात ती अर्धवट उठते, आणि नेमक्या त्याच क्षणी तिला खरा खो मिळतो. कबड्डीत हीच अडचण अधिक शास्त्रीय स्वरूप धारण करते, कारण चढाई करणाऱ्या गड्याने प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात असेपर्यंत ‘कबड्डी, कबड्डी’ असा अखंड दम राखावयाचा असतो, आणि “आरं, कोपरा बघितलास का? बघितलास का?” या पितृप्रश्नाला दम न मोडता उत्तर कसे द्यावे, याचे मार्गदर्शन कोणत्याही शिबिरात अद्याप उपलब्ध नाही.

सामना संपल्यावर परतीच्या वाटेवरील चौकशी सुरू होते. तिचे न्यायालय म्हणजे दुचाकी. मुलाला पुढे टाकीवर किंवा मागे पिशव्यांच्या मध्ये बसविलेले असते, चौफुला ते केडगाव एवढ्या अंतरात त्याला उतरून जाण्याची सोय नसते, आणि तक्रारदार, सरकारी वकील व न्यायाधीश या तिन्ही भूमिका एकच व्यक्ती हॅण्डल धरून पार पाडीत असते. पाय का घसरला, पाटलांच्या पोराने जे केले ते याला का सुचले नाही, बूट कितीचे आहेत हे ठाऊक आहे काय, असे प्रश्न क्रमाने येतात. घरी पोहोचल्यावर आईकडे अपील करता येते, परंतु तिला निकाल दूरध्वनीवरून आधीच कळविलेला असतो. मुलगा सामन्यात हरल्याचे संध्याकाळपर्यंत विसरला असता. ते त्याला विसरू द्यावयाचे नाही, हाच या न्यायालयाच्या स्थापनेमागील हेतू दिसतो.

या उत्साहाची मुळे केवळ पुत्रप्रेमात किंवा कन्याप्रेमात शोधणे हा अभ्यासकाचा भाबडेपणा ठरेल, कारण त्यामागे शासकीय धोरणाचा भक्कम आधार आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर याचा अर्थ असा की ते सामाजिक आरक्षणाच्या प्रत्येक प्रवर्गात आडवे लागू होते. शिवाय दहावी-बारावीच्या परीक्षेत विहित पातळीवरील स्पर्धा खेळलेल्या विद्यार्थ्यांना सवलतीचे वाढीव गुण मिळतात. दोन्ही तरतुदी योग्य आहेत, कारण ज्याने वर्षे मैदानावर घालविली त्याचे पुस्तकी नुकसान भरून निघावे हा त्यांचा उद्देश आहे. परंतु ऊसपट्ट्यातील व्यवहारचतुर मनाने त्यांचे वाचन उलट्या टोकाकडून केले आणि खेळापासून प्रमाणपत्रापर्यंत जाण्याऐवजी प्रमाणपत्रापासून खेळापर्यंत येण्याचा मार्ग शोधला. परिणामी पाल्यास कोणता खेळ आवडतो हा प्रश्न मागे पडून, ज्या खेळाचे नाव आजोबांना उच्चारता येत नाही आणि ज्यात जिल्ह्यातून तीनच मुले उतरतात असा खेळ कोणता, हे संशोधन पुढे आले. या संशोधनाची परमावधी राज्यात अन्यत्र गाठली गेली आहे: बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणे उघडकीस आली तेव्हा खेळाडूंच्या या नव्या वर्गाला मैदानाचीही गरज उरली नसल्याचे सिद्ध झाले.

यातील सर्वांत मनोरंजक विसंगती अशी की, ज्या दहावीच्या गुणांसाठी आठव्या इयत्तेत बूट घेतले जातात, त्याच दहावीचे नाव काढून नववीच्या उन्हाळ्यात ते माळ्यावर टाकले जातात. “आता बस झाला खेळ, बोर्डाचं वर्ष हाय” हे वाक्य मे महिन्यात केडगावापासून वरवंड-पाटसपर्यंत घरोघरी ऐकू येते. शाळाही या कार्यात मागे नसते. शारीरिक शिक्षणाचा तास वेळापत्रकात छापलेला असतो, पण गणिताचा भाग राहिला की तो गणिताला उसना दिला जातो, आणि हे उसने फिटल्याचे उदाहरण क्वचितच सापडते.

अशा वातावरणात वैभव सूर्यवंशी या बिहारच्या मुलाचे नाव पालकांच्या कानांवर पडावे, हा योगायोग दौंड तालुक्यातील मुलांना महागात पडला आहे. तेराव्या वर्षी त्याला आयपीएलच्या लिलावात १ कोटी १० लाख रुपये मिळाले आणि २८ एप्रिल २०२५ रोजी, चौदाव्या वर्षी, त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकले. त्याच्या क्रिकेटसाठी वडिलांनी शेतजमीन विकल्याचेही वृत्तपत्रांत आले. त्या मुलाची प्रतिभा वादातीत आहे. परंतु ऊसपट्ट्यात या वृत्तातील शतक कमी आणि जमीन अधिक वाचली गेली. गुंठा, म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, हे ज्या प्रदेशात प्रतिष्ठेचे चलन आहे, तेथे आठ वर्षांच्या मुलाच्या कव्हर ड्राइव्हकडे पाहत बाप मनातल्या मनात सातबारा चाळू लागतो, आणि मुलाला फलंदाजीसोबत दोन एकरांचे ओझेही पेलावे लागते. लिलावात ज्यांची नावेही पुकारली जात नाहीत अशा शेकडो मुलांच्या वडिलांनी काय विकले, याची बातमी छापण्याची पद्धत नाही.

याच प्रवृत्तीची एक शाखा जन्मतारखेचे संशोधन करते. चौदा वर्षांखालील गटात मिशी फुटलेला गडी दिसला तर ग्रामीण भागात आश्चर्य व्यक्त केले जात नाही, केवळ त्याच्या शाळेचे नाव विचारले जाते. क्रिकेट मंडळाने सोळा वर्षांखालील स्पर्धांसाठी मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरविण्याची पद्धत स्वीकारली आहे. ग्रामपंचायतीचा दाखला बोलतो त्याहून मनगट खरे बोलते, असे मंडळाचे मत झाले असावे.

फक्कीबाहेरच्या या पालकत्वाला मराठी भाषिकांतच एक उत्तम प्रतिउदाहरण उपलब्ध आहे, आणि ते सर्वांना पाठ असूनही त्यातील नेमका भाग कोणी वाचीत नाही. १९८४ च्या उन्हाळ्यात अकरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला त्याचा थोरला भाऊ अजित शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांकडे घेऊन गेला तेव्हा प्रशिक्षकाची नजर आपल्यावर आहे या जाणिवेने मुलगा बिचकला आणि त्याचा खेळ बिघडला. अजितने त्या वेळी मैदानाबाहेरून ओरडून चुका सांगितल्या नाहीत. त्याने आचरेकरांना विनंती केली की त्यांनी आणखी एक संधी द्यावी, पण या वेळी मुलाला दिसणार नाही असे दूर उभे राहून पाहावे. आचरेकर दूर गेले, मुलगा मोकळेपणाने खेळला, पुढचे सर्वश्रुत आहे. त्या मुलाचे वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक व कवी होते, आणि मुलाने कविता करावी असा हट्ट त्यांनी धरल्याचे कोठे नमूद नाही. केडगावच्या पालकांनी या प्रसंगातून आजवर जो बोध घेतला तो असा, की मुलाला अकराव्या वर्षाआधीच अकादमीत घालावे. दूर उभे राहण्याचा भाग त्यांनी ऐच्छिक मानला.

दुसरे उदाहरण बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळेचे. त्याचे आईवडील वीटभट्टीवर काम करीत. शाळा सुमारे सहा किलोमीटर दूर आणि वाहन नाही, म्हणून तो पायी किंवा धावत जाई. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला, शर्यतीचे खरे प्रशिक्षण त्याला तेथेच मिळाले, आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे २८ अडथळे व ७ पाण्याच्या उड्या असलेल्या शर्यतीत, त्याने सुवर्णपदक मिळविले. या चरित्रावरून एखादा काटेकोर पालक मुलाच्या शाळेची बस बंद करण्याचा निष्कर्ष काढील, ही भीती अनाठायी नाही. तसे करण्याची गरज नाही. एवढे ध्यानात घेतले तरी पुरे, की ज्या वयात केडगावातील मुलाचा तिसरा प्रशिक्षक बदललेला असतो, त्या वयात साबळे शाळा गाठण्यासाठी धावत होता.

वैद्यकशास्त्राचेही म्हणणे याहून फार निराळे नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सुचविले की एकाच खेळात मुलाला जुंपणे पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावे आणि वर्षाकाठी किमान तीन महिने त्या खेळापासून सुटी द्यावी. नॉर्वेने तर याचे नियमच केले आहेत: मूल अकरा वर्षांचे होण्याच्या वर्षापर्यंत त्याच्या स्पर्धांचे गुणतक्ते व क्रमवारी प्रसिद्ध करावयाची नाही आणि तेरा वर्षांच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाही. इकडे आठ वर्षांच्या मुलाला तालुक्यात तृतीय क्रमांक मिळाला तर संध्याकाळपर्यंत चौफुल्यावर फ्लेक्स लागतो, आणि त्यात वरच्या ओळीत नेते, मधल्या ओळीत शुभेच्छुक आणि खालच्या कोपऱ्यात, शोधल्यास, तो मुलगा असतो. पन्नास-पंचावन्न लाख लोकसंख्येच्या नॉर्वेने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदके जिंकून पहिले स्थान मिळविले. फ्लेक्सवाचून हे कसे साधले, हे गूढ आहे.

अर्थात नॉर्वेला जाण्याचेही प्रयोजन नाही, कारण गावोगावच्या जत्रांनी हे शास्त्र फार पूर्वीच सिद्ध केले होते. जत्रेच्या आखाड्यात मोठ्या इनामाच्या कुस्त्यांआधी लहान पोरांच्या कुस्त्या लागत, त्यांना रेवड्यांवरच्या कुस्त्या म्हणतात. सहा-सात वर्षांची पोरे लंगोट सावरीत मातीत लोळत, चितपट कोण झाले यावर पंचांचेच एकमत नसे, आणि हरलेल्या पोराच्या हातीही मूठभर रेवड्या पडत. तो रेवड्या खात पुढची कुस्ती बघायला बसे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा लंगोट बांधी. त्यातून पैलवान थोडेच झाले, पण खेळाची गोडी मात्र अवघ्या गावाला लागली. आता त्या पोरांनाही ट्रॅकसूट, प्रोटीनचा डबा आणि चित्रीकरण करणारा मामा मिळाला असून रेवड्या आरोग्यास अपायकारक ठरल्या आहेत.

दरम्यान ज्या साध्या गोष्टी मुलांना खरोखर हव्या आहेत, त्या कोणाच्याही महत्त्वाकांक्षेत बसत नाहीत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणाऱ्या २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीत शाळेला खेळाचे मैदान असावे असे स्पष्ट म्हटले आहे. तरीही शाळेच्या मोकळ्या जागेवर प्रथम मंडप, नंतर गाड्या आणि शेवटी मुले असा क्रम रूढ आहे. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटे घाम येईल असे हुंदडू द्या म्हणते. शिकवण्यांच्या दोन पाळ्यांमध्ये ती साठ मिनिटे सापडत नाहीत. आणि शिरूर-दौंडच्या उसात बिबट्याचा वावर वाढल्यापासून, त्याने लहान मुलांचे बळी घेतल्यापासून, वाड्यावस्त्यांवरची संध्याकाळ लवकर दाराआड जाते. येथे उपहासाला जागा नाही. तेथे उजेडाचे दिवे आणि कुंपण असलेले मैदान हवे, आणि त्यासाठी ग्रामसभेत हात वर करणारा पालक हवा. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवरची मुले तर हंगामभर जुन्या टायरला काठी मारीत धावतात. त्यांचा दम चांगला आहे, आणि त्यांच्या निवडचाचणीला आजवर कोणी आलेले नाही.

तेव्हा फक्कीबाहेरच्या खेळाडूंना एवढीच विनंती करता येईल: पुढील तालुकास्तरीय स्पर्धेला अवश्य यावे, डबा आणि पाण्याची बाटली आणावी, लिंबाखाली आजोबांशेजारी बसावे, दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवाव्यात, आणि घरी परतताना गाडीवर भूक लागली का एवढे एकच विचारावे. ओरडण्याची हौस शिल्लक राहिली तर मैदानाच्या मागणीसाठी ग्रामसभा मोकळी आहे.