चांदणी गेली, चाकू राहिला

त्या श्रावणात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं, भामरागडची वाट बंद झाली आणि हेमलकशात माझ्यासारख्या उद्योगी माणसाचे फार हाल झाले. वीज नाही, पेपर नाही. तिसऱ्या दिवशी मी आजोबांची पेटी उघडली. चष्म्याच्या घरात त्यांचा घडीचा चाकू निघाला.

माझ्या वाट्याला आलेली ही एकमेव स्थावर मालमत्ता. स्थावर अशासाठी, की तो उघडतच नव्हता. एकदा बसच्या तपासणीत शिपायानं "उघडा" म्हणून फर्मावलं. मी ओढलं, त्यानं ओढलं, शेवटी कंडक्टरनं ओढलं. "ठेवा खिशात, हे काही हत्यार नाही," असा निकाल मिळाला. आजोबांच्या कीर्तीला एवढा धक्का आजवर कुणी दिला नव्हता.

रात्रभर रॉकेलात बुडल्यावर पातं हललं. तांबूस गंज, काळपट डाग आणि मुळाशी चांदणी नि क्रूस: शेफील्डच्या रॉजर्सची १७६४ सालापासूनची खूण. त्याच शेफील्डात १९१३ साली हॅरी ब्रिअर्लीनं न गंजणारं पोलाद काढलं, पण आजोबांच्या चाकूपर्यंत ती बातमी पोचली नव्हती. आमच्याकडे पावसाळ्यात बातम्या उशिराच येतात.

मी पॉलिशपेपर घेऊन बसलो. दुपारपर्यंत पात्याचा आरसा झाला. त्यात माझा चेहरा स्वच्छ दिसत होता. चांदणी मात्र दिसेना.

आत्या ओसरीवर आली. "का करून राहिला गा?"

"आजोबांचा चाकू साफ करतोय."

"बाबानं चाळीस वर्षं धार लावून अर्धा संपवला. उरलेला तू आजच संपवशील!"

मग माझी शिकवणी झाली. लाल असतो तो गंज, तो पातं खातो. काळा असतो तो कैरीच्या आंबटाचा नि कांद्याच्या रसाचा थर, तो पातं राखतो. म्हणजे मी सकाळपासून आजोबांचे चाळीस उन्हाळे घासून काढत होतो.

आत्यानं हिरडा कुटून पाण्यात उकळला. हिरड्यातलं टॅनिन नि लोखंड यांची गाठ पडली की काळं होतं. जुन्या काळी याच सोयरिकीतून शाई व्हायची. खाचांतला गंज काळा पडून निमूट बसला. वर टोळीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलाचा हात, सांध्यात दोन थेंब. "आन् कातड्याच्या म्यानात घालू नको, ओल धरते," ही ताकीद वेगळी.

चाकू आता खटकन उघडतो. फक्त थंडीत टोळीचं तेल थिजतं आणि सांधा अडून बसतो. मग त्याला घटकाभर चुलीजवळ ठेवावं लागतं. आत्याला यात काही नवल वाटत नाही. पौषातल्या पहाटे आजोबांनाही आधी शेकोटीजवळ नेऊन बसवावं लागे. त्याशिवाय त्यांचंही तोंड उघडत नसे.