आज ना उद्या घालेल

“घातलं का?”

आषाढभर आम्हाला याखेरीज कुणी काही विचारलं नाही. आधी शेजाऱ्यांनी विचारलं, मग दूधवाल्याने, मग इस्त्रीचे कपडे न्यायला येणाऱ्या मुलाने. लग्नाला दोन वर्षं झालेल्या सुनेला हळदीकुंकवात ‘काही गोड बातमी?’ म्हणून विचारतात, तेव्हा तिला काय वाटत असेल ते मला आमच्या चार तलंगांमुळे, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांमुळे, कळलं. तलंगांना स्वतःला मात्र काहीच वाटत नव्हतं. विचारणाऱ्याकडे त्या मान तिरकी करून एका डोळ्याने बघायच्या आणि पुन्हा माती उकरायला लागायच्या.

आम्ही बोरिवली पश्चिमेला, वजिऱ्याच्या गावठाणात राहतो. गावठाण म्हणजे नकाशावर गाव आणि डोळ्यांसमोर टॉवर. आमच्या मागच्या दारी एक शेवगा, कपडे धुवायचा दगड आणि खुराडं मावेल एवढी जागा अजून शिल्लक आहे. ती रिकामी पडून आहे तर तिचं काहीतरी करा, याबद्दल बिल्डर, नातेवाईक आणि मी यांचं एकमत होतं. काय करायचं याबद्दल नव्हतं. मी कोंबड्या आणल्या.

मागच्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्या बाल्कनीतून आमचं परसू स्वच्छ दिसतं. आमच्या घरात कोण कधी उठतं हे त्यांनी कधी पाहिलं नसावं, पण कोंबड्या आल्यापासून ते रोज खाली येऊन मला अहवाल देऊ लागले. “तुमची ती तांबडी आज दोनदा खोक्यात जाऊन आली. मला वाटतं, उद्या.” उद्या काही नाही झालं की तेच माझ्यापेक्षा जास्त खट्टू व्हायचे. दिसायला इंजिनिअर, बोलायला इंजिनिअर, पण एके दिवशी त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “पण कोंबडा नाही दिसत तुमच्याकडे. मग अंडी कशी होणार?” कोंबडी कोंबड्यावाचून अंडी घालते, कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी, हे मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. घरी जाऊन त्यांनी खात्री करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी हीच माहिती मला नव्याने दिली.

पिल्लं आणली आरेतून. आरे म्हटलं की मुंबईकराला दूध आठवतं, अलीकडे मेट्रोची कारशेड आठवते. कोंबड्या कुणाला आठवत नाहीत. पण गोरेगावच्या त्या झाडीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. देशात अशा चार: चंडीगड, भुवनेश्वर, बंगळूरजवळचं हेसरघट्टा आणि आपलं आरे. परसात, उकिरड्यावर चरून जगतील अशा काटक जातींची पिल्लं तिथे तयार होतात. महाशिवरात्रीच्या सुमारास खोक्यातून चिवचिवत ती रिक्षाने बोरिवलीला आली.

आमच्या गल्लीला पिल्लं नवी नव्हती. सायकलच्या मागे जाळीची टोपली बांधून एक माणूस येतो. टोपलीत गुलाबी, पोपटी, जांभळी पिल्लं. पोरं रस्त्यावर लोळण घेतात, आया पैसे काढतात आणि घराघरात अंड्यांची स्वप्नं पडू लागतात. आता त्या पिल्लांची खरी हकीकत अशी की अंड्यांसाठीच्या जातींची पिल्लं उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी नर-मादी निवडली जातात. माद्या पोल्ट्रीत जातात. नर अंडी देणार नाहीत आणि मांसासाठी भराभर अंगही धरणार नाहीत, त्यामुळे त्यांना कवडीची किंमत नाही. त्यातलेच काही रंगात बुडून आपल्या दाराशी येतात. नवी पिसं फुटली की रंग जातो, आणि वाचलंच पिल्लू तर घरचे हात जोडून अंड्याची वाट बघत बसतात. मग एखाद्या पहाटे चार वाजता सगळ्या बिल्डिंगला उत्तर मिळतं. त्यानंतर सोसायटीची नोटीस येते आणि कोंबडा गावी जातो. गावी म्हणजे कुठे, ते मुलांना सांगत नाहीत.

पुस्तकात लिहिलं होतं की कोंबडी अठरा ते वीस आठवड्यांत अंड्यावर येते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केला. गोल आला, गेला. शेजारच्या आंटी ईस्ट इंडियन ख्रिस्ती. त्यांच्या सासूने, आजेसासूने याच मातीत कोंबड्या राखल्या. २००६ साली नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला आणि पेपरातले पांढऱ्या पोशाखातल्या माणसांचे फोटो बघून घरच्यांनी आंटींच्या उरलेल्या कोंबड्या काढायला लावल्या. त्यामुळे आमच्या खुराड्यावर त्यांचा जीव. त्यांनी एक तलंग काखेत धरली, मागच्या हाडांमध्ये बोटं लावून पाहिली आणि खाली सोडली. जेमतेम एक बोट मावत होतं. दोन-तीन मावली म्हणजे कोंबडी तयार. “पोर हाय ती अजून,” आंटी म्हणाल्या. “तिचे मागं नको लागू.”

माझं पुस्तक खोटं नव्हतं. ते दुसऱ्याच कोंबडीबद्दल होतं. अठरा-वीस आठवड्यांचा हिशेब पिंजऱ्यातल्या पांढऱ्या लेगहॉर्न कुळातल्या कोंबडीचा आहे. ती वर्षाला तीनशेवर अंडी देते, आणि होस्पेट-हैदराबादकडून ट्रकने मुंबईत येतात ती तिचीच. १९८२ पासून अंड्यांचे भाव सुचवणारी राष्ट्रीय समिती आहे, शेकड्याचा भाव रोज जाहीर होतो, जाहिराती होतात. हा सगळा डोलारा तिच्या पाठीवर उभा आहे. तिची मूळ पूर्वज, लाल रानकोंबडी, वर्षाकाठी दहा-पंधरा अंडी घालते आणि ती उबवण्यापुरतीच. आमच्या तलंगा या दोघींच्या मध्ये कुठेतरी, आणि ओढा रानाकडे. गावरान रक्ताची कोंबडी सहा-सहा महिने घेते, कधी त्याहून जास्त. त्यामुळे तिला उशीर झाला होता असं म्हणण्यात अर्थ नाही. आपण विरार फास्टचं टाइमटेबल हातात धरून गोराईच्या तरीवर उभं राहायचं आणि तरवाल्याला घड्याळ दाखवायचं, तसला प्रकार.

पण हा घोटाळा मी एकट्यानेच केला असं नाही. महाराष्ट्राने तो मोठ्या प्रमाणावर केला आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काळी कोंबडी, काळं मांस, औषधी म्हणून बोलबाला. (अंडं काळं नसतं. फिकट बदामी असतं. हे कळल्यावर पुष्कळांचा औषधी गुणांवरचाही विश्वास उडतो.) इस्लामपूरकडे शेतकऱ्यांनी हजारो रुपये भरून कडकनाथची पिल्लं घेतली; वाढवा, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावाने उचलू, असा वायदा होता. कडकनाथ वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देणारी. तिने आपलं काम आपल्या गतीने केलं, अंडी उचलणारे मात्र पुढे आले नाहीत. २०१९ मध्ये प्रकरण फुटलं, गुन्हे दाखल झाले, आणि मुख्यमंत्र्यांच्या महाजनादेश यात्रेच्या ताफ्यासमोर कडकनाथ कोंबड्या भिरकावल्या गेल्या. त्या सबंध प्रकरणात दिल्या शब्दाला जागलेली एकटी कोंबडीच होती आणि रस्त्यावर फेकली गेली तीही तीच.

वाट बघणाऱ्याला स्वस्थ बसवत नाही, म्हणून मी तयारी केली. अंडं घालायला आडोसा हवा, काळोख हवा, खाली मऊ काही हवं. बोरिवलीत पेंढा कुठे मिळणार? आंब्याच्या पेटीत. देवगडचा हापूस संपला, पेंढा राहिला, पेटीही राहिली. पेटी आडवी करून खुराड्याच्या कोपऱ्यात ठेवली. आत एक खोटं अंडं ठेवायचं असतं, म्हणजे बाईंना जागेचा उपयोग कळतो. मी टेबल टेनिसचा चेंडू ठेवला. तो वाऱ्याने गल्लीत गेला आणि पोरांनी दिवसभर त्याच्यावर क्रिकेट खेळून संध्याकाळी परत आणून दिला. गोराईहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशींनी कालवांची शिंपली आणून दिली. ती कुटून घातली, कारण कवचाला चुना लागतो आणि तो कोंबडीने खाल्ल्याशिवाय येत नाही. सुकटीचा चुरा घालायला मात्र त्यांनी बजावून मना केलं. जास्त झाला तर अंड्याला वास येतो, आणि मग खाणारा अंड्याला नव्हे, मासेवालीला नावं ठेवतो.

उजेडाचाही प्रश्न होता. कोंबडीला अंड्यावर यायला लांब दिवस लागतो. तो उजेड नुसता डोळ्यांतून नव्हे, कवटीतून झिरपूनही तिच्या मेंदूपर्यंत पोचतो. पोल्ट्रीवाले दिवे लावून सोळा तासांचा दिवस करतात. मुंबईतला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, आणि आषाढात त्यातले निम्मे ढगांत. पण उपनगरात अंधार असतो कुठे? मागच्या टॉवरचा फ्लडलाइट थेट आमच्या खुराड्यावर. बाविसाव्या मजल्यावरच्यांना मी हे सांगितलं तर ते विचारात पडले आणि म्हणाले, “म्हणजे तुमच्या अंड्यांचा खर्च आमच्या मेंटेनन्समधून निघतोय.”

याच सुमारास गटारी जवळ आली. गटारीच्या आधीच्या रविवारी आमचे मेहुणे आले, चहा घेत मागच्या दारी उभे राहिले आणि तलंगांकडे अशा नजरेने पाहू लागले की त्या चौघी शेवग्याच्या मागे गेल्या. “भावजी, अंडी देत नाहीत तर ठेवल्यात कशाला?” हा प्रश्न हिशेबाला धरून होता. तलंगेचं मांस कोवळं, आणि अमावस्येनंतर महिनाभर वशाट बंद. पण ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “दादा, गेल्या वर्षापासून तूही नोकरी शोधतोयस. आम्ही काही म्हटलं का?” मेहुण्यांनी चहा संपवला. कोंबड्या वाचल्या. त्यानंतर हिला पाहिलं की त्या धावत यायच्या. माझ्याकडे दाणे असले तरच.

मग तुरे लाल झाले. आतापर्यंत फिकट गुलाबी, आखडलेले होते ते आठवड्याभरात रसरशीत तांबडे, एका अंगाला कललेले. तांबडी तर जवळ गेलं की पंख किंचित पसरून खाली बसायला लागली. आंटींनी पुन्हा बोटं लावली. या वेळी दोन मावली. “आता शेपटीपाठी फिर,” त्या म्हणाल्या, आणि मी अक्षरशः फिरलो.

पहिलं अंडं श्रावणातल्या पहिल्या सोमवारी पडलं. आंब्याच्या पेटीत नाही. स्कूटरशेजारी माझं जुनं हेल्मेट उलटं पडलं होतं, त्यात. चाळीस ग्रॅमही भरलं नाही. फिकट बदामी, एका टोकाला रक्ताची बारीक रेघ. पहिलटकरणीच्या अंड्याला असते कधी कधी, काळजीचं कारण नसतं. तांबडीने त्यानंतर जो काही ओरडा केला त्यावरून तिने अंडं घातलं की वजिरा नाका विकत घेतला ते कळेना.

आणि आमच्या घरी श्रावण. आई श्रावणात अंडं घरात आणू देत नाही. ती सोमवारचं भगरीचं पातेलं उतरवत होती. “घातलंन् ते चांगलं केलंन्,” ती म्हणाली, “पण ते तिकडेच राहू दे.” मग दुसरीने घातलं, मग काळपटीने. कोंबडीच्या पोटात एक अंडं पुरं व्हायला पंचवीसेक तास लागतात, त्यातले वीस तास नुसत्या कवचाला. म्हणून ती रोज तासभर उशिरा घालते आणि वेळ सरकत सरकत संध्याकाळ आली की एक दिवस सुट्टी घेते. चोवीस तासांच्या शहरात पंचवीस तासांचा दिवस जगणाऱ्या चार बायका माझ्या मागच्या दारी आहेत, आणि लोकल चुकल्याचं त्यांना कधी दुःख झालेलं नाही.

श्रावण गेला, गणपती आले. गणपती गेले, पितृपक्ष. मग नवरात्र. या सबंध काळातली आमची अंडी आंटींकडे गेली. त्यांच्याकडे नातवाचा बाप्तिस्मा होता, त्याला तळतात ते फुगे आमच्या अंड्यांचे झाले, आणि फुग्यांत अंडं असतं म्हणून तेही आम्हाला खाता आले नाहीत. बाविसाव्या मजल्यावरच्यांनी सहा अंडी नेली आणि पैसे द्यायला लागले. मी घेतले नाहीत. तेव्हा ते म्हणाले, मग मेंटेनन्समध्ये वळते करून घेतो. ते जैन नाहीत, पण पहिल्यांदाच अंडं उकडत होते. किती मिनिटं उकडायचं ते मी त्यांना खिडकीतून बोटांनी दाखवलं.

तेव्हा, ज्यांच्या मागच्या दारी अजून चार हात माती आहे त्यांना एवढंच सांगणं. रंगीत पिल्लं घेऊ नका. महाशिवरात्रीला पिल्लं आणलीत तर अंडी श्रावणात येतील आणि शेजारी खातील. दसरा-दिवाळीला घरची अंडी हवी असतील तर पिल्लं अक्षय्य तृतीयेला आणा. पुढचे सहा महिने कॅलेंडरवर गोल करू नका. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बाजारात आंब्याच्या रिकाम्या पेट्या पेंढ्यासकट फुकट मिळतात, तेवढी एक आठवणीने उचलून ठेवा. आणि घरातली जुनी हेल्मेटं माळ्यावर टाका.