चमकी आणि प वर्ग

ओठांवरची चमकी हा मेकअपचा असा प्रकार आहे, की त्यात तोंड सगळ्या हॉलला दिसते, फक्त जिचे आहे तिला ते वापरता येत नाही. ठाणे ते कल्याण या पट्ट्यात तो हळदीला आणि संगीताला सर्रास आढळतो, दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर आणि ठाण्याच्या तलावपाळीला तुरळक. सर्वाधिक प्रमाण करवलीवर. खुद्द नवरीवर कमी, कारण मेकअपच्या खोलीत नवरीची आई बसलेली असते.

चमकीचा कण प्लास्टिकचा असतो. पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा, त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा, त्यावर रंग, आणि मग यंत्राने केलेले त्याचे षटकोनी तुकडे. षटकोनच का, तर षटकोन एकमेकांना खेटून बसतात आणि कापताना पापुद्रा वाया जात नाही. १९३४ च्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका कारागिराने टाकाऊ माल बारीक कापणारे यंत्र काढले, तिथून आजच्या चमकीचा इतिहास सांगतात. म्हणजे वस्तू जन्मली तीच भंगारातून. चेहऱ्यासाठीची चमकी बारीक कापलेली असते आणि तिचा रंग कातडीला चालेल असा असतो. गणपतीच्या मखराला लावतात ती जाड, टोकदार आणि स्वस्त. ओठांची कातडी गालापेक्षा पातळ असल्यामुळे हा फरक महत्त्वाचा आहे, पण बाजारात दोन्हींच्या डब्या सारख्याच दिसतात आणि दोन्हींबद्दल दुकानदाराचे मत ‘चालतं हो ताई’ असेच असते. प्रसाधनात वापरायच्या रंगातल्या शिशाला आपल्याकडे कायद्याने दशलक्ष भागांत २० भागांची मर्यादा आहे. मखराच्या चमकीला ती लागू नाही, कारण मखर ओठ चाटत नाही.

कृती सोपी आहे. ओठांना आधी बाम लावून तो पुसून घेतात, पेन्सिलीने कड आखतात, आत गडद मॅट लिपस्टिक भरतात. ती पुरती वाळायच्या आत, किंवा वर चिकट ग्लॉसचा हात फिरवून, सपाट ब्रशने चमकी टेकवत जातात. घासायची नाही, टेकवायची. मधून सुरुवात करून कडेला जायचे. हनुवटीखाली टिश्यू धरायचा, नाहीतर निम्मी चमकी ब्लाउजवर जाते आणि डिझाइन म्हणून तिथेच राहते. शेवटी मेकअपवाली ताई दोन पावले मागे सरते, मान तिरकी करते आणि बजावते, ‘आता ओठ मिटायचे नाहीत.’ ताईची जबाबदारी इथे संपते आणि व्याकरणाची सुरू होते.

मराठीत प, फ, ब, भ, म हे वर्ण ओष्ठ्य आहेत. वरचा ओठ खालच्यावर टेकल्याशिवाय ते उच्चारता येत नाहीत. चमकी लावलेले ओठ टेकले की वरचे कण खाली येतात, खालचे वर जातात, काही आत जातात आणि मधोमध टक्कल पडते. ‘व’ दंतोष्ठ्य. त्याने ओठ मिटत नाहीत, दात तेवढे चमकतात. ‘उ’ म्हणताना ओठांचा चंबू होतो, कण हलतात पण जागा सोडत नाहीत. म्हणजे संपूर्ण प वर्ग वर्ज्य, ‘व’ जपून आणि बाकीची वर्णमाला मोकळी. एवढा एक नियम पाळला की चमकी जेवणाच्या पंगतीपर्यंत टिकते. अडचण एवढीच, की मराठी भाषा करवलीला विचारून तयार झालेली नाही.

भूगोलापासून पाहावे. ठाणे हे स्थानक निर्धोक आहे. पुढचे कळवा दातांवर निभावते. मुंब्रा अशक्य: सुरुवातीला म, मग अनुस्वाराच्या रूपाने पुन्हा म, लगेच ब, असे तीन आघात एका दमात. दिवा कळव्यासारखेच. कोपरला एक प आहे, तेवढ्यात खालच्या ओठाचा मध्य जातो. डोंबिवलीत अनुस्वार आणि ब एकमेकांना खेटून उभे आहेत, अगदी सकाळी सव्वाआठला तिथल्या फलाटावर माणसे उभी असतात तसे. ठाकुर्ली चंबूवर सुटते. कल्याण पुन्हा निर्धोक. याचा अर्थ असा, की १८५४ साली गाडी ठाण्याहून पुढे कल्याणपर्यंत आली तेव्हापासून आजवर जी गर्दी या मार्गावर जमली आहे, तिच्यातला सर्वांत बोलका भाग ज्या गावात राहतो, त्या गावाचे नाव चमकी लावलेल्या मुलीला घेता येत नाही. लग्नात वरपक्षाकडच्या बाईंनी ‘कुठे राहतेस गं?’ विचारले, की ती क्षणभर थांबते आणि ‘ठाकुर्ली’ म्हणते. लग्नसराईत ठाकुर्लीची लोकसंख्या वाढते ती यामुळे. ‘पूर्वेला का पश्चिमेला?’ हा पुढचा प्रश्न तर निव्वळ क्रौर्य आहे. दोन्ही उत्तरे प ने सुरू होतात.

नात्यांचे प्रकरण याहून गंभीर. आई, आजी, ताई, दादा, काका, काकू, आत्या यांना हाक मारता येते. बाबा येत नाहीत, आजोबा येत नाहीत. मामा येत नाहीत, मामी येत नाहीत, मावशी पहिल्याच अक्षराला अडकते. म्हणजे आईच्या माहेरची जवळजवळ सगळी माणसे एका डबीत गारद. नवरीला बोहल्यावर आणायचे मामाने, आणि त्याला बोलवायला पाठवायचे करवलीला. ती हॉलच्या दारात उभी राहून नुसते ‘या ना, या’ म्हणते, त्यावर काका उठतात, दोन्हीकडचे काका उठतात, केटरिंगचा माणूसही येतो, आणि ज्याला यायचे तो मामा ‘मला कोणी विचारलंच नाही’ म्हणत खुर्चीतून हलत नाही. मावशीचा रुसवा संगीतापासूनचा असतो, आत्याला चारदा हाक मारली आणि तिला एकदाही नाही म्हणून. तिची समजूत काढायला जावे तर ‘मावशी’ म्हणावे लागते, आणि ते तर म्हणता येत नाही. उलट सासू, सासरे, नणंद, दीर, जाऊ ही सगळी नाती ओठ न मिटता स्पष्ट उच्चारता येतात. सासर हा शब्द चमकीला धक्का न लावता निघतो, माहेर हा निघत नाही. वरपक्षाला हा मेकअप आवडतो त्याचे कारण दुसरे कुठे शोधायला नको. मुलगी मोजके बोलते, गोड हसते, हसतानाही ओठ मिटत नाही, आणि बोलते तेव्हा सासरच्यांबद्दलच बोलते.

उखाण्याला मात्र कोणाचीच सुटका नाही. नवरीने धाडसाने चमकी लावलीच असेल तर सगळे नवऱ्याच्या नावावर अवलंबून राहते. निखिल, अनिकेत, सागर हे स्वीकारार्ह. प्रथमेश, भूषण, मयूर, अमेय यांनी नाव घ्यायच्या आधी टिश्यू पुढे करावा. पत्रिका जुळवताना गण, नाडी, मंगळ पाहणाऱ्या घरांनी यापुढे नावातला प वर्गही पाहावा, गुणमेलनापेक्षा त्याचा पडताळा लवकर येतो.

खाण्यापिण्याचा विचार कृतीच्या पुस्तकात नसतो, कारण खायचे नसते. पंगतीत पुरी, भाजी, पापड, मसालेभात, मठ्ठा, जिलेबी फिरत असतात. यातले काहीच मागता येत नाही आणि खाता तर त्याहून येत नाही. श्रीखंड आणि चटणी मागता येतात. ‘नको’ म्हणता येते, ‘पुरे’ म्हणता येत नाही, आणि वाढपी ‘नको’ला कधीच दाद देत नाही. उरते सरबत, तेही नळीने. इथे कायदा आडवा येतो. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या नळीवर बंदी आहे. म्हणून सरबताला कागदी नळी मिळते, ती तिसऱ्या घोटाला मऊ पडते, पाचव्याला ओठांना चिकटते आणि निघताना चमकीचा गोल घेऊन निघते. ओठांवर प्लास्टिक चालते, ओठांत धरायची नळी प्लास्टिकची चालत नाही, अशी ही पर्यावरणाची हद्द बरोबर ओठांच्या कडेवरून जाते. युरोपात सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये बंदी आली, पण ओठांच्या प्रसाधनांतल्या सूक्ष्म प्लास्टिकला २०३५ पर्यंत मुदत दिली आहे. २०३१ पासून वेष्टनावर तसे छापावे लागेल. वाटाघाटीत ओठ नेहमीच जड जातात.

चमकी लावणाऱ्या मुलीला या पट्ट्यात उपदेशाची कमतरता नसते. संस्कृतीचे काय, पोटात प्लास्टिक जाते त्याचे काय, आमच्या वेळी कुंकवाशिवाय काही लागत नसे, इत्यादी. उपदेश करणाऱ्यांत काका प्रमुख, कारण हाक मारता येईल असे तेच उरलेले असतात. पोटात प्लास्टिक जाते हे खरेच आहे आणि ते जाऊ नये. पण शब्दसंग्रह तपासला तर एक गोष्ट लक्षात येते. खड्डा, कचरा, गटार, नाला, धूळ, डास, टँकर, रेटारेटी यांतल्या एकाही शब्दाला ओठ मिटावे लागत नाहीत. ‘तक्रार’ या शब्दालाही नाही. दाट चमकी थापलेल्या तोंडानेही इथल्या सगळ्या गाऱ्हाण्यांची यादी एक कण न सांडता वाचून दाखवता येईल. ती वाचली जात नाही. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीच्या काही भागात हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतला एक रस्ता गुलाबी झाला, इतका व्यवस्थित गुलाबी की एखाद्या ताईने बेस लावून दिला असावा. तेव्हा मुलींच्या ओठांतल्या रसायनांची काळजी वाहणारी ही मंडळी त्या रस्त्यावर गेली, फोटो काढले, फोटो पाठवले, आणि घरी येऊन जेवली. त्यांच्या ओठांवर काहीही लावलेले नव्हते. तरी ते मिटलेलेच होते. मुलीच्या ओठांवरचा पाव मिलिमीटरचा कण ज्यांना सभागृहाच्या मागच्या रांगेतून दिसतो, त्यांना नाकाखालून वाहणारा नाला दिसत नाही, वास येत नाही, आणि आलाच तर ते खिडकी लावून घेतात आणि पुन्हा कणाकडे वळतात.

आता दुसरी यादी पाहावी: भूमिपूजन, शुभारंभ, अभिनंदन, माननीय, मान्यवर, फलक, वाढदिवसानिमित्त हार्दिक शुभेच्छा. हे सगळे ओठ मिटून, जुळवून, दाबून उच्चारायचे शब्द. एकट्या भूमिपूजनात तीन ओष्ठ्य वर्ण आहेत. एकाच पुलाचे भूमिपूजन दोनदा झाले तर सहा. तेव्हा चमकी कोणी लावावी आणि कोणी लावू नये, असा निवाडा समाजाला करायचाच असेल, तर तो व्याकरणाने आधीच करून ठेवला आहे. व्यासपीठावर चढायच्या आधी पायऱ्यांपाशी एक ताई, एक ब्रश आणि एक डबी ठेवावी. ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे अर्धे कार्यक्रम पंधरा मिनिटांत आटोपतील.

उतरवण्याची रीत लावण्याच्या रीतीइतकीच सावकाश आहे. पाण्याने चमकी जात नाही, पसरते. ओठांवर खोबरेल तेलाचा किंवा बामचा जाड थर देऊन थोडा वेळ थांबायचे, मग कापसाने कडेकडून मध्यावर ओढत आणायचे. राहिलेल्या कणांवर चिकटपट्टी हलकेच टेकवून उचलायची. रुमालाने खसाखसा पुसणाऱ्यांचे ओठ दुसऱ्या दिवशी सोललेले असतात. कापूस आणि पट्टी कचऱ्यात टाकायची, बेसिनमध्ये चूळ भरून मोकळे व्हायचे नाही. हा कण पाण्याहून जड असतो आणि विरघळत नाही. गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत जाऊन तो तळाच्या गाळात बसतो. ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला असून तिथे हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी गाळातच चोच घालून जेवतात. त्यांना गुलाबी रंग खाण्यातून येतो. करवलीचा खाण्यात जातो.

मेकअपच्या पॅकेजमध्ये केसांचे, साडी नेसवण्याचे आणि चमकी लावण्याचे पैसे धरलेले असतात. उतरवण्याचे वेगळे. ‘किती?’ हा प्रश्न ओठ न मिटता विचारता येतो, तेव्हा तो ताई ब्रशेस पिशवीत भरायच्या आधीच विचारून घ्यावा.